चौदा-पंधराचा पाना

चिंचपोकळी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

सुशांत,

वर ‘चि.’ लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. तू माझा फोन ब्लॉक केलास त्याला चार वर्षं झाली. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान कामाचा भाग वाचून फाड.

काम असं आहे. आपली चाळ पाडायला निघाली आहे. पंधरा मार्चच्या संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करून चाव्या द्यायच्या, आणि सोळाला आवाराला पत्रे लागणार. आम्हाला फणसवाडीत भाड्याची खोली मिळाली आहे. सामान टेंपोत जाईल, त्याचं काही नाही. प्रश्न आबांच्या गाडीचा आहे. आबा गेल्यापासून ती नळाच्या मागे उभी आहे आणि बिल्डरच्या माणसाने तिच्या काचेवर खडूने ‘भंगार’ लिहून टाकलं आहे. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं होतं. मी पुन्हा पुसलं. सध्या आमचं एवढंच बोलणं चालू आहे.

आईने जाहीर केलंय, “मी टेंपोत बसूचंय नाय नि टॅक्सीत पण नाय. हेंच्या गाडयेत बसानच भायर पडतलंय.” लग्न होऊन आली तेव्हा ती या फाटकातून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आत आली होती, आणि जाताना गाडीतून जायचं असं तिने कधीतरी मनात धरलेलं आहे. वय ऐंशीला आलं, गुडघे गेले, पण हट्ट अजून पंचविशीतला आहे. तुला ती माहीत आहे, मी काय सांगू.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आणलं होतं. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं आणि म्हणाला, “अंकल, इसको अब आराम करने दो.” मी एक्कावन्नचा आहे. त्याला चहा न देता परत पाठवला. नाहीतरी आबांच्या गाडीला बाहेरच्या माणसाचा हात कधी लागला नव्हता. दुरुस्ती मीच करणार.

आता मुद्द्यावर येतो. बॅटरी काढायची आहे. तिचे नट दहाचे आहेत आणि दहाचा पाना तुझ्याकडे आहे.

आबांच्या पेटीत आठ दुतोंडी पाने होते आणि शेजारच्या तात्यांना मध्ये बसवून आपण ते वाटून घेतले. एक तुला, एक मला, एक तुला, एक मला. माझ्याकडे आठ-नऊ, बारा-तेरा, सोळा-सतरा, वीस-बावीस. तुझ्याकडे सहा-सात, दहा-अकरा, अठरा-एकोणीस. गाडीला लागतात बहुतेक दहा, बारा आणि चौदा, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपण गिरणी कामगाराची पोरं, समान वाटप म्हणजे न्याय, एवढंच कळलं. आता तुझ्या अर्ध्या पेटीत काही होत नाही आणि माझ्याही अर्ध्या पेटीत काही होत नाही. न्याय मात्र पुरेपूर झाला.

चौदा-पंधराबद्दल मी वर लिहिलं नाही. तो वाटणीला आलाच नव्हता. पेटी उघडली तेव्हा त्याची खाच रिकामी होती. क्रमाने तो तुझ्याच वाट्याला येणार होता, तरी तू तो आधीच उचललास. असं कोण करतं?

दहा-अकरा आणि चौदा-पंधरा, दोन्ही पाठव. सोळा मार्चला रजिस्टर पोस्टाने परत करीन.

विनीत गणपत घाडीगावकर


चिंचपोकळी,
रविवार, १५ फेब्रुवारी

सुशांत,

उत्तर नाही. बरं.

तुझ्या पान्यावाचून बॅटरी निघाली हे कळावं म्हणून लिहितो. आधी पक्कडीने प्रयत्न केला. पक्कड सुटली आणि उजव्या हाताची तीन बोटं सालटली. मग बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी बाराच्या तोंडात घातली, म्हणजे तोंड दहाचं झालं. चार वेळा पट्टी खाली पडली, पाचव्यांदा नट फिरला. अडीच तासांत दोन नट. ऑफिसात एवढ्या वेळात मी काय काय केलं असतं याचा हिशोब लावत बसलो आणि काहीच केलं नसतं हे लक्षात आलं.

नवी बॅटरी घातली, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं आणि गाडी चालू झाली. सगळी चाळ गॅलरीत आली. आईने वरून हात जोडले, मला नाही, गाडीला.

आनंद दहा मिनिटं टिकला. आवारात एक फेरी मारली तर पुढून ठण ठण. तुला आठवत असेल की नाही, आबा गेल्यावर मी दोनदा गाडी काढली होती, तेव्हाही हाच आवाज यायचा आणि म्हणूनच मी ती उभी करून टाकली. आता खाली वाकून पाहिलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांतलं पुढचं रबर फाटून लोंबतंय. म्हणजे ठणठण त्याचीच. असं इंजिन हलत असताना गाडी फणसवाडीपर्यंत न्यायची म्हणजे आईला पुढे बसवून जुगार खेळायचा.

नवं रबर मिळालं. पण जुनं ज्या बोल्टवर बसलंय तो चौदाचा आहे, आणि चौदा तुझ्याकडे.

तात्या खाली येऊन खुर्ची टाकून बसतात. डोळे गेलेत, पण सल्ला शाबूत आहे. आज मला म्हणाले, “विनीत, तुमी दोघांनी तेव्हा पाने वाटायलाच नको होते. मी बोललो होतो, पेटी एकाने घ्या, गाडी एकाने घ्या.” ते असं काही बोलले नव्हते. ते म्हणाले होते, “सारखं वाटा, म्हणजे भांडण नको.” पण माणूस अठ्ठ्याऐंशीचा आहे, त्याच्याशी वाद काय घालायचा.

मग त्यांनी विचारलं, “ती बॅगेची भानगड मिटली का रे?”

मी म्हटलं, कधीच.

बॅगेचं प्रकरण जरा जास्त झालं असेल, एवढं मी मान्य करतो. बाराव्याला घर भरलेलं, त्यात मी “बॅग उघड” म्हणालो. पण दोन दिवसांपूर्वी दरवाजाची बिजागरी घट्ट करायला पेटी तूच काढली होतीस की नाही? मग मी कुणाला विचारायचं होतं? आईला?

रविवार संपला. रविवार फारच लवकर संपतात. हातात चार राहिले.

विनीत


चिंचपोकळी,
शुक्रवार, २० फेब्रुवारी

सुशांत,

आज ऑफिसातून अर्धा दिवस काढून आलो. तू म्हणशील, एवढं रामायण कशाला, बाजारातून पाना विकत घे. घेतला. फुटपाथवरून अख्खा संच घेतला, चकचकीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. चौदाचा नटाला लावला, जोर दिला आणि त्याने आ वासला. नट जागेवर, पान्याचं तोंड फाकलेलं. त्याआधी सरकत्या तोंडाचा स्क्रू पाना लावून बघितला होता, तो दर वेळी घसरतो आणि घसरताना नटाचे कोपरे खातो. अजून थोडा खाल्ला तर नट गोल होईल आणि मग त्याला देवसुद्धा धरू शकणार नाही.

जॅक गाडीतलाच आहे, त्याच्यावर माझा भरवसा नाही. मागच्या चाकाला आईचा पाटा लावलाय. वरवंटा तिने दिला नाही. म्हणाली, “तो माज्याबरोबर येतलो.” गाडीखाली पुठ्ठा पसरून पाठीवर झोपतो, डोळ्यांत माती पडते, हात वर करून करून खांदे जातात. प्रिती म्हणते, तुम्ही घरात नीट बसत पण नाही आणि झोपत पण नाही. खरं आहे. जेवताना माझा हात टेबलाच्या खालून नट शोधत असतो. ऑफिसात कुणी फाईल मागितली तर मी आधी तिचा स्क्रू कुठे आहे ते बघतो.

आबांचा पाना असता तर हे दोन मिनिटांचं काम होतं. गिरणीतला पाना तो, इतकी वर्षं वापरून त्याचं तोंड केसभरही फाकलेलं नव्हतं.

मी तुला एक विचारतो आणि त्याचं उत्तर दे. आबा काम संपल्यावर काय करायचे? पाने पुसायचे, खाचेत ठेवायचे आणि बोट लावून मोजायचे. सहा-सात, आठ-नऊ, असं मोठ्याने. आठ भरले की झाकण. आपण लहान होतो तेव्हा ते मोजणं ऐकून आई चहा ठेवायची. तो माणूस पाना कुठेतरी टाकून विसरेल? खात्रीने सांगतो, नाही.

आबा गेले त्याआधीच्या दिवाळीत तू आला होतास आणि मला बाजूला घेऊन म्हणालास, “दादा, आबा विसरायला लागलेत. एकच गोष्ट तीनदा विचारतात. कुणाला तरी दाखव.” मी तुला काय उत्तर दिलं ते मला आठवतं. चार दिवस पाहुणा येतोस आणि डॉक्टर होतोस, असं म्हणालो. मी इथे रोज त्यांच्याबरोबर राहत होतो. मला कळलं नसतं?

ते विसरले नव्हते. म्हणजे पाना कुणीतरी घेतला. पाठव.

विनीत


चिंचपोकळी,
सोमवार, २३ फेब्रुवारी

सुशांत,

चौदा-पंधरा पाठवू नकोस. गरज राहिली नाही. सोय झाली आहे.

मागच्या पत्रातलं मनावर घेऊ नकोस. घाईत लिहिलं होतं, पोस्टात टाकायला नको होतं.

आई बरी आहे. प्रिती बरी आहे. तुझ्याकडे, नाशिकला, थंडी कमी झाली असेल.

विनीत


चिंचपोकळी,
सोमवार, २ मार्च

चि. सुशांत,

परवा, शनिवारी, तुझं पार्सल आलं.

मी घरी नव्हतो. आईने उघडलं. मी आलो तेव्हा ती खाटेवर बसली होती आणि तिच्यापुढे चार पाने ओळीने मांडलेले होते. तीन जुने, तिच्याच साडीच्या फडक्यात गुंडाळलेले, चार वर्षांत त्यांना गंज सोड, डागसुद्धा नाही. आणि चौथा नवा. चौदा-पंधरा. त्याच्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. चिठ्ठी नव्हती. मी पार्सलच्या पुठ्ठ्याच्या आतसुद्धा बघितलं.

माझं तेवीसचं पत्र तुला बहुतेक पोचलंच नसेल. तू वीसचं वाचून दुकानात गेलास आणि न घेतलेल्या वस्तूची भरपाई करून टाकलीस. मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

आता जे तेवीसला लिहायला हवं होतं ते लिहितो. त्या दिवशी तीन कागद फाडले आणि शेवटी तुला थंडीबद्दल विचारून मोकळा झालो.

बावीसच्या रविवारी मी गाडीखाली होतो. नट हलेना म्हणून मागून हात जातो का ते बघायला इंजिनाच्या पाठीमागे बोटं घातली. तिथे स्टिअरिंगचा आडवा दांडा जातो, वरून दिसत नाही, खालूनही चेहरा तिरका केल्याशिवाय दिसत नाही. बोटांना कापड लागलं. ओढलं तर काहीतरी जड घसरून माझ्या छातीवर पडलं. आबांचा पाना. चौदा-पंधरा. दांड्यावर कापसाच्या चिंधीवर नीट ठेवलेला, कुणीतरी आता परत हातात घेणार आहे असा. मधल्या भागावर त्यांनी ठोकलेला ‘ग’ आहे. चार वर्षं तिथे होता. ती ठणठण रबराची नव्हतीच. रबर फाटलंय हे खरं, पण वाजत होता हा.

आबा जायच्या आधीच्या रविवारी गाडीखाली होते. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. संध्याकाळी ते हात धुऊन वर आले आणि पेटी बंद करून माळ्यावर ठेवली. मोजल्याचा आवाज आला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, सुशांत. मी पेपरचं पान उलटलं.

आणखी एक आहे, ते प्रितीलाही माहीत नाही. त्या वर्षी गणपतीनंतर एकदा आबा दूध आणायला गेले आणि दोन तास आले नाहीत. मी शोधत शोधत गेलो तर ते लालबागला, जिथे त्यांच्या गिरणीचं फाटक होतं तिथे, आताच्या टॉवरच्या वॉचमनशी बोलत होते. दुसरी पाळी सुटली का, असं विचारत होते. वॉचमन त्यांना खुर्ची देत होता. मला बघून त्यांनी मान हलवली आणि निमूट माझ्याबरोबर आले. वाटेत मी त्यांना काही विचारलं नाही आणि घरी सांगितलं, रांग मोठी होती. त्यानंतर दोन महिन्यांनी तू दिवाळीत आलास आणि मला ते वाक्य म्हणालास. म्हणून मी तुझ्यावर एवढा भडकलो. तू चुकीचं बोललास म्हणून नाही.

आणि म्हणूनच पाना तू घेतलेला असणं मला गरजेचं होतं. तू घेतला नसशील तर आबा विसरले होते, आणि ते विसरत होते हे मला माहीत असूनही मी त्यांना कुणाकडे नेलं नव्हतं. त्यांना हार्टने नेलं, विसरण्याने नाही, हे मी मनाला शंभर वेळा सांगितलंय. तरी मी नेलं नव्हतं हे तसंच राहतं.

त्यासाठी मी भरल्या घरात तुला बॅग उलटी करायला लावली. मेघनाच्या साड्या, तिची औषधं, तुम्ही इथून लाडूंना नेत होता तो रिकामा डबा, सगळं जमिनीवर. तिने एकेक वस्तू उचलून परत घडी घातली आणि मी बघत उभा होतो. पाना मिळाला नाही तर म्हणालो, आधीच घरी पोचवला असेल. हे वाक्य मी बोललो. दुसऱ्या कुणाचं असावं असं फार वाटतं, पण माझंच आहे.

मी चुकलो. मेघनाची माफी मला समोर मागायची आहे, पत्रात नाही.

आईला मी रात्रीचं जेवण झाल्यावर जुना पाना दाखवला आणि कुठे मिळाला ते सांगितलं. वाटलं, रडेल. तिने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, “माका ठावक होता. त्या वर्षी तेनी माका दोनदा इचारल्यांनी, सुशांत खयच्या शाळेत जाता.” मग मी विचारलं, मला का नाही बोललीस? तर म्हणाली, “तू खय बोललंस?”

दादा


चिंचपोकळी,
रविवार, ८ मार्च

चि. सुशांत,

आठवडा उरला. घरात खोकी झाली आहेत, जिथे पाय टाकावा तिथे पातेलं. भिंतीवर आबांच्या फोटोची चौकोनी खूण राहिली आहे, रंगकाम न करण्याचा हा एक फायदा.

गाडी अजून तिथेच आहे. आज कळलं की माझा सगळा महिना का वाया गेला. तो बोल्ट आरपार जातो. एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला नट, दोन्ही चौदाचे. आबांच्या पान्याने नट हलायला लागला, पण मी खालून तो फिरवत होतो आणि वर डोकंही त्याच्याबरोबर मजेत फिरत होतं. मी समजत होतो सगळा दोष गंजाचा आहे. गंज होता, पण अडचण ती नव्हती. नुसता एकट्याने फिरवत होतो.

म्हणजे दोन चौदा लागतात, एक वरून धरायला, एक खालून फिरवायला. वाटणी केली नसती तरी पेटीत एकच होता. आबा काय करायचे? मग आठवलं. वरचं ते स्क्रू पान्याने धरायला लावायचे, आणि बॉनेटवर ओणवा होऊन तो धरायचं काम तुझं असायचं. तू कंटाळून मान वर केलीस की खालून आवाज यायचा, “सुशा, धर मरे.” मी अभ्यासाच्या नावाखाली वरच्या मजल्यावर असायचो. म्हणून तुला गाडी कळते आणि मला फक्त गाडीचा राग येतो.

आता दोन चौदा आहेत, एक आबांचा आणि एक तुझा. हात माझे दोनच आणि ते दोन्ही टोकांना पोचत नाहीत. वरचा पाना सुतळीने बांधून पाहिला. लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून पाहिला. सुटतो.

खरं सांगतो, धरायला माणसं आहेत. प्रिती म्हणाली, मी धरते. धरेल ती, माझ्यापेक्षा तिची पकड चांगली आहे. मी तिला म्हटलं, शनिवारपर्यंत थांब. का, ते तिने विचारलं नाही.

तू आला नाहीस तर शनिवारी, चौदाला संध्याकाळी, प्रिती धरेल, रबर बसेल आणि रविवारी आई गाडीतून बाहेर पडेल. तेव्हा आईच्या नावाने तुला वेठीला धरतोय असं समजू नकोस. गाडीला तुझी गरज नाही. मला आहे. चार वर्षांत हे वाक्य लिहायची हिंमत झाली नाही, आज पाठ इतकी दुखते आहे की बाकी कशाची भीती राहिली नाही.

तुझे तीन मी पेटीत ठेवले. आबांचा चौदा-पंधरा त्याच्या खाचेत बसवला. आठ खाचा भरल्या. तू पाठवलेला नववा. पेटीत त्याला जागा नाही. तो कुठे ठेवायचा ते तू ठरव.

दादा


फणसवाडी,
रविवार, २२ मार्च

चि. सुशांत,

चौदाला, शनिवारी सकाळी, तू फाटकातून आत आलास तेव्हा मी नळावर हात धूत होतो. तू पिशवी तात्यांच्या खुर्चीला अडकवलीस आणि विचारलंस, “खाली कोण?”

मी म्हटलं, “खाली मी. तुझे कपडे चांगले आहेत.”

“नको. तुला फिरवता येत नाय. तू वर धर.”

मी धरला. एक्कावन्न वर्षांत प्रथमच. तू खालून म्हणालास, “सोडू नको हा,” आणि मी सोडला नाही, बोटं पांढरी पडली तरी. नट सुटला तेव्हा जो कर्रकन आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. नवं रबर बसवायला तुला वीस मिनिटं लागली. मी महिनाभर करत होतो ते काम वीस मिनिटांचं होतं, हे तू बोलला नाहीस याबद्दल आभारी आहे.

तू आईजवळ तासभर बसलास, चहा घेतलास, जेवायला थांबला नाहीस. रविवारची पाळी होती असं म्हणालास. असेल. जाताना मला “येतो” म्हणालास. “दादा” म्हणाला नाहीस. मी ते ऐकायला टपून बसलो होतो, म्हणून लिहिलं. मागत नाही.

रविवारी तू नव्हतास म्हणून सांगतो. दुपारी चारला आईला खाली आणलं. नवं लुगडं, मांडीवर वरवंटा, फडक्यात गुंडाळलेला. पुढच्या सीटवर बसली. तात्यांनी फाटक धरलं. फाटकाशी आल्यावर म्हणाली, “रव जरा.” मी थांबलो. वाटलं, मागे वळून बघेल. तिने आरशात बघून कुंकू नीट केलं आणि म्हणाली, “चल.” भायखळ्याचा पूल आला. मग ती म्हणाली, “गाडी बरी चलता.” काचेवर सकाळी पुन्हा ‘भंगार’ लिहिलेलं होतं. या वेळी मी पुसलं नव्हतं. तसंच मिरवत आणलं.

इथे आल्यावर पेटी उघडली. आठ खाचा, आठ पाने. तू पाठवलेला नवा कुठेच नव्हता. प्रितीने खोकी बघितली, मी डिकी बघितली. ती म्हणाली, “भावजींच्या पिशवीत चुकून गेला असेल काय?” मी म्हटलं, गेला असेल तर त्याचाच आहे. आणि विषय संपला. चार वर्षांपूर्वी एवढंच म्हणायचं होतं, आणखी काही लागत नव्हतं.

पाडव्याला आईला देवळात घेऊन निघालो. ठाकूरद्वारच्या सिग्नलला ब्रेक मारला आणि पुढून ठण.

कडेला घेतली. पाडव्याच्या नव्या शर्टानिशी भर रस्त्यात पाठीवर आडवा झालो, लोक माझ्या पायांना वळसा घालून जात होते. चेहरा तिरका केला, हात घातला. स्टिअरिंगच्या दांड्यावर, आबांनी ठेवला होता बरोबर त्याच जागी, तुझा नवा चौदा-पंधरा. खाली तू होतास, म्हणजे ठेवला तूच असशील. पण शेवटचा नट आवळताना मी वरून तुझ्याकडे एक पाना दिला होता, तो कोणता ते मला आठवत नाही. काम झाल्यावर मोजायला हवं होतं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आईने काच खाली करून विचारलं, “गावलो?”

“गावला.”

“खय होतो?”

मी सांगितलं. ती इतकी हसली की मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न द्यायचं थांबवलं. म्हणाली, “दोगांय तेंचीच पोरां.”

मी पाना बाहेर काढला नाही. तारेने दांड्याच्या वरच्या पट्टीला घट्ट बांधून टाकला आहे, आता वाजत नाही. तुझा आहे, येऊन सोडवून ने. पक्कड तुझी तू आण, माझी बोटं नुकतीच बरी झाली आहेत.

मेघनाला सोबत आण.

दादा